रावणाला दहा तोंडं कुणी काढली?



पर्युषणाआधी घर आवरायला काढलं की आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या माळ्यावरून एक गठ्ठा खाली येतो. सुतळीने बांधलेली, कडा झिजलेली, बत्तीस-बत्तीस पानांची रंगीत पुस्तकं. अमर चित्र कथा. मुलं मोठी होऊन नोकरीला गेली तरी हा गठ्ठा रद्दीत घालायला हात धजत नाही. "यात देव आहेत गं," असं म्हणून आपण तो झटकतो आणि पुन्हा वर ठेवतो. मुलांच्या करमणुकीच्या पुस्तकाला पोथीसारखा मान कसा मिळाला आणि जाणकारांनी त्यावर कोणते आक्षेप घेतले, हा इतिहास मी अलीकडे जरा लक्ष घालून वाचला. वाचताना जाणवलं की यातला एक मोठा आक्षेप आपल्या जैन आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला आहे, आणि तो आपणच विसरलो आहोत.

या मालेचे जनक अनंत पै. जन्म १९२९ सालचा, कर्नाटकातल्या कारकळचा. हो, तेच कारकळ, जिथे १४३२ साली उभारलेली भगवान बाहुबलींची ४२ फुटी मूर्ती आहे. लहानपणीच आईवडील गेले, बाराव्या वर्षी मुंबईला आले, शिकले रसायनशास्त्र आणि रमले पुस्तकांत. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये त्यांनी काम केलं. त्या काळी कॉमिक म्हणजे वेताळ, घोडा आणि कवटीची अंगठी. १९६७ साली दिल्लीत एका दुकानातल्या टीव्हीवर ते प्रश्नमंजूषा पाहत होते. मुलांनी ग्रीक देवांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, पण रामाच्या आईचं नाव त्यांना सांगता आलं नाही. पैंना ते लागलं. मुंबईच्या इंडिया बुक हाउस या प्रकाशनसंस्थेने त्यांना साथ दिली आणि 'कृष्ण' निघालं. चित्रं राम वाईरकरांची. पुढे शिवाजी महाराजांचं पुस्तक आलं, त्याची चित्रं प्रताप मुळीकांची. दिलीप कदमांचंही नाव इथे घ्यायला हवं. म्हणजे देशभरच्या मुलांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण आणि शिवाजी यांचे जे चेहरे आहेत, त्यांतले कितीतरी मराठी हातांनी काढलेले आहेत.

सुरुवातीला दुकानदार ही पुस्तकं ठेवायला तयार नव्हते. कॉमिक वाचणारं पोर म्हणजे वाया गेलेलं पोर, अशी पालकांची आणि शिक्षकांची समजूत होती. आमच्या केळशीत तर अभ्यासाव्यतिरिक्तचं पुस्तक म्हणजे कुणी दापोलीला गेलं आणि आठवण ठेवली तर मिळणार. पै स्वतः शाळाशाळांत गेले. १९७८ साली दिल्लीत शालेय शिक्षणात चित्रकथेचं स्थान काय, यावर परिसंवाद भरवला. चित्रांतून शिकवलेला धडा मुलांच्या चांगला लक्षात राहतो, हे तिथे मांडलं गेलं. मांडणारे प्रकाशकच होते हे खरं, पण शिक्षकांना ते पटलं. मग गाडी अशी सुटली की आजवर सगळ्या भाषा मिळून १० कोटींहून जास्त प्रती खपल्याचं प्रकाशक सांगतात. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे असा आकडा दिसला की थांबते. ज्या वस्तूला दुकानदार हात लावत नव्हते, ती घराघरात गेली ती आईवडिलांनी विकत घेतली म्हणून. मुलांच्या हातात पैसे कुठे असतात? ते पुस्तक मुलांसाठी होतं, पण खरं गिऱ्हाईक आपणच होतो. एकत्र कुटुंब मोडत होतं, गोष्ट सांगणारी आजी गावाकडे राहिली होती, आणि शहरातल्या दोन खोल्यांत तिची जागा या पुस्तकांनी घेतली.

टीकाही लवकरच सुरू झाली, आणि ती सगळी एका बाजूची नव्हती. ही गंमत मला फार आवडली. पहिल्या 'कृष्ण' पुस्तकात पैंनी चमत्कार बेतानेच दाखवले होते. विज्ञान शिकलेला माणूस, करंगळीवर पर्वत उचललेला दाखवावा की नाही, याची त्यांना शंका होती. त्यावर भाविक वाचक नाराज झाले, आणि पुढच्या आवृत्तीत गोवर्धन करंगळीवर आला. तिकडे 'वाल्मीकी' निघालं, त्यात लोकांना ठाऊक असलेली वाटमाऱ्याची गोष्ट होती. पंजाबातल्या वाल्मीकी समाजाने त्याला कडाडून विरोध केला. ज्यांना ते देव मानतात त्यांना तुम्ही दरोडेखोर म्हणून आमच्या मुलांच्या हातात देता? या प्रश्नाला "आमच्याकडे अशीच गोष्ट सांगतात" एवढं उत्तर पुरत नाही.

मग अभ्यासकांनी ही पुस्तकं उघडली. जॉन हॉली, फ्रान्सिस प्रिचेट, पुढे नंदिनी चंद्रा, कार्लिन मॅक्लेन अशा विद्वानांनी यावर लिहिलं. त्यांच्या आक्षेपांचा मथितार्थ असा, की नायक गोरे किंवा निळे, घाटदार, शांत चेहऱ्याचे. असुर मात्र काळे, आडदांड, सुळे बाहेर आलेले. मुसलमान पात्रं बहुतेक वेळा स्वारी करणारीच. स्त्रिया सुंदर, अंगावर कपडे कमी, आणि त्यांचा मोठेपणा पतीसाठी सोसण्यात किंवा चितेवर जाण्यात. तसं पाहिलं तर या मालेत अकबर आहे, बिरबल आहे, चाँद बीबी आहे. १९७९ साली बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्रही आलं. त्यामुळे सगळा दोष एका पारड्यात टाकणं मला योग्य वाटत नाही. पण आक्षेप खोटेही नाहीत. आमच्या केळशीत याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते, दर्ग्याला इनाम दिलं होतं, असं इथे हिंदू-मुसलमान दोघंही सांगतात. बत्तीस पानांत अफझलखानाला जागा द्यायची झाली की याकूबबाबांना उरत नाही. लढाईचं चित्र काढता येतं, दोन माणसं शांत बसून बोलतात त्याचं चित्र मुलं पटकन उलटतात.

मीराबाईच्या पुस्तकावर हॉलींचा जो आक्षेप आहे, तो बायकांनी तरी वाचावा. मीरा म्हणजे घर, सासर, राजवाडा, लोकलाज सगळं सोडून निघालेली बाई. पुस्तकात ती आधी आदर्श पत्नी होते, नवऱ्याची मनापासून सेवा करते आणि मग उरलेल्या वेळात भक्ती करते. तिचं बंड घरात बसेल इतकं लहान केलं आहे. का? तर गिऱ्हाईक आपण होतो, हे मी वर म्हटलंच. मुलीच्या हातात देताना आईला भीती वाटू नये, अशी मीरा हवी होती. पैंचं धोरणच होतं की खरं सांगावं, पण कुणाला बोचेल असं सत्य टाळावं. आपल्या सत्य अणुव्रतातही ज्या सत्याने जीवाला पीडा होईल ते बोलू नये असं सांगितलं आहे, म्हणून मला हे धोरण समजतं. पण पीडा टाळणं वेगळं आणि माणसाची गोष्टच बदलणं वेगळं. मीरेला कुणाला दुखवायचं नव्हतं, पण ती निघाली होती, हे तर खरं ना?

आता आपल्याकडे येऊ. काळा रंग आणि सुळे हा आक्षेप वाचताना मला आपलं 'पउमचरिय' आठवलं. आचार्य विमलसूरींनी लिहिलेलं हे जैन रामायण. पउम म्हणजे पद्म, रामाचं आपल्याकडचं नाव. विद्वान त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांत कुठेतरी धरतात. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी. या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक टीकाकार उभा आहे, राजा श्रेणिक. तो गौतम गणधरांना आपल्या शंका विचारतो. एवढ्या बलाढ्य राक्षसवीरांना वानरांनी हरवलं हे कसं शक्य आहे? रावणासारखा थोर, जिनभक्त पुरुष मांस खात होता, रक्त पीत होता, हे कसं मानायचं? कुंभकर्ण सहा महिने झोपतो, अंगावरून हत्ती चालवले, कानात उकळतं तेल ओतलं तरी उठत नाही, ही काय गोष्ट झाली? श्रेणिकाला गोष्ट नको आहे असं नाही. त्याला गोष्ट हवी आहे, पण समोरच्याला राक्षस करून सांगितलेली नको आहे.

गौतमस्वामी जे सांगतात त्यात राक्षस हा एक विद्याधर वंश आहे, विद्या आणि बळ असलेल्या माणसांचा. वानर म्हणजे ज्यांच्या ध्वजावर वानराचं चिन्ह होतं ते लोक, शेपटीची माकडं नव्हेत. आणि दहा तोंडं? लहानपणी रावणाच्या हाती घराण्यातला एक मोठा रत्नहार लागला. आईने तो त्याच्या गळ्यात घातला. हारातल्या नऊ रत्नांत बाळाच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं पडली. स्वतःचं एक आणि ही नऊ, म्हणून वडिलांनी कौतुकाने नाव ठेवलं दशमुख. किती साधं आहे! ज्या दहा तोंडांनी मुलं घाबरतात, ती मुळात आईने बाळाला दागिना घातल्याची आठवण आहे.

म्हणून रावण आपल्याकडे निर्दोष ठरत नाही. परस्त्रीच्या मोहात पडला हा त्याचा दोष कुणी झाकत नाही. त्रेसष्ट शलाकापुरुषांत तो आठवा प्रतिवासुदेव, लक्ष्मण आठवा वासुदेव, राम आठवा बलदेव. रावणाला मारतो लक्ष्मण, राम नव्हे. त्या हिंसेपायी लक्ष्मणही नरकात जातो आणि राम दीक्षा घेऊन मोक्षाला. जिंकणाऱ्यालाही हिशोब चुकत नाही. आणि सीता, अग्निपरीक्षेनंतर ती धरणीच्या पोटात जात नाही. राम तिला परत घरी चल म्हणतो, ती आपल्या हातांनी केशलोच करते आणि साध्वी होते. मीरेचं जे पाऊल मुंबईच्या संपादकांना पुस्तकात घालायला जड गेलं, ते विमलसूरींनी सीतेला सहज टाकू दिलं.

पुढे रविषेणाचार्यांनी सातव्या शतकात संस्कृतात 'पद्मपुराण' लिहिलं, स्वयंभूंनी अपभ्रंशात 'पउमचरिउ', हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र'. श्वेतांबर-दिगंबर दोघांकडे ही परंपरा चालत आली. तरी आपल्या मुलांना यातलं काय माहीत आहे? माझ्या पिढीतल्या कितीतरी जैन घरांत रामायण कळलं ते चित्रकथेतून आणि पुढे रविवारच्या टीव्ही मालिकेतून. ए. के. रामानुजन यांनी आपल्या एका निबंधात इतर रामायणांसोबत या जैन रामायणाचीही नीट ओळख करून दिली. तो निबंध दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून २०११ साली वगळला गेला. तेव्हा जैन म्हणून आपल्यापैकी किती जणींना काही वाटलं? मुळात आपलं असं काही त्यात आहे हे कळायला तर हवं.

चित्रांचं म्हणाल तर आपल्याला चित्रांचं वावडं कधीच नव्हतं. सचित्र कल्पसूत्राच्या पोथ्या आधी ताडपत्रावर आणि मग कागदावर शेकड्यांनी लिहवून घेतल्या गेल्या. पैसा दिला व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्या श्राविकांनीही. या चित्रांनाही टीका चुकली नाही. चेहरा एका बाजूला वळलेला, पण पलीकडचा डोळा गालाबाहेर हवेत आलेला, सगळ्यांची नाकं टोकदार, सगळे चेहरे एकसारखे. सुरुवातीच्या अनेक अभ्यासकांना हे ओबडधोबड वाटलं, अजिंठ्याच्या मानाने उतरलेली कला वाटली. पुढे नॉर्मन ब्राउन, साराभाई नवाब, मोतीचंद्र अशा मंडळींनी तिचा जिव्हाळ्याने अभ्यास केला. मोतीचंद्र म्हणजे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक. पश्चिम भारतातल्या जैन लघुचित्रांवरचं त्यांचं पुस्तक १९४९ सालचं.

मला स्वतःला तो एकसारखा चेहरा दोष वाटत नाही. त्या पोथीत वाईट माणूस रंगावरून ओळखता येत नाही. त्रिशलामाता पलंगावर पहुडलेली, वर चौदा स्वप्नं ओळीने मांडलेली. भगवान झाडाखाली बसून पंचमुष्टी लोच करत आहेत आणि शक्रेंद्र ते केस झेलायला हात पुढे करून आहे. पुढे काय होणार याची उत्सुकता तिथे नाहीच, कारण गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. महाराजसाहेब वाचतात, आपण ऐकतो आणि चित्र नुसतं सोबत असतं. जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्नं उतरवताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं, ते चांदीच्या त्या हत्ती-सिंहाची घडण पाहून येतं का?

अमर चित्र कथेत 'महावीर'ही आहे. ते लिहिणं किती अवघड, याचा मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन विचार केला. देवानंदेच्या उदरातून त्रिशलेच्या उदरात गर्भ नेल्याची कथा श्वेतांबर सांगतात, दिगंबर मानत नाहीत. स्वप्नं चौदा की सोळा? यशोदेशी लग्न, मुलगी प्रियदर्शना, हे श्वेतांबर परंपरेत आहे, दिगंबरांच्या भगवंतांनी लग्नच केलं नाही. दीक्षेनंतर खांद्यावर देवदूष्य वस्त्र होतं की दिशा हेच वस्त्र? तोंडी सांगताना आजी यातलं एकेक नाजूक हाताने पुढे नेते. चौकट काढायला बसलेल्या चित्रकाराला मात्र काही तरी काढावंच लागतं, आणि काढलं की कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतं. त्याहून मोठी अडचण वेगळीच. साडेबारा वर्षांची साधना म्हणजे बहुतेक काळ उभं राहणं, मौन आणि उपवास. चंडकौशिक नाग डसतो, गवळी कानात खिळे ठोकतो, अशा प्रसंगांची चित्रं होतात. पण या सगळ्यात भगवंत काहीच करत नाहीत, हीच तर त्यांची थोरवी. ज्या पुस्तकाची सवयच तलवार आणि धावता घोडा यांवर पोसलेली आहे, त्याने काहीही न करणारा नायक कसा दाखवायचा? शेजारच्या चौकटीत भीमाची गदा असेल तर पोरगं कुठे बघणार, हे सांगायला नको. महाभारताच्या त्या ४२ भागांचा संच माझ्या मुलाने इतका वाचला की पुठ्ठे सुटले.

म्हणून तो गठ्ठा टाकून द्या असं मी म्हणणार नाही. मी टाकलेला नाही. टीकाकार वाचल्यापासून एवढंच झालं आहे की मुलांच्या हातात पुस्तक देऊन मी स्वयंपाकघरात जात नाही, शेजारी बसते. राक्षसाचं चित्र आलं की विचारते, हा काळाच का काढला असेल रे? कधी मुलं विचारात पडतात, कधी "आजी, पान उलट" म्हणतात. तुमच्यापैकी कुणाकडे 'पउमचरिया'तल्या गोष्टी मुलांना कळतील अशा मराठीत असतील तर पाठशाळेसाठी मला जरूर कळवा. मी विमलसूरींच्या दोन-तीन कथा सोप्या करून वहीत लिहायला घेतल्या आहेत. चित्रं मला येत नाहीत, ती नातीवर सोपवली आहेत. तिने मे महिन्याच्या सुट्टीत रावण काढला. एकच तोंड, जरा गुबगुबीत, आणि गळ्यात नऊ टपोऱ्या मण्यांचा हार. प्रत्येक मण्यात एकेक इवलंसं तोंड आहे. नववा मणी कागदाच्या कडेला गेला, तिथे जागा पुरली नाही म्हणून नुसतेच दोन डोळे आहेत.